परीकथेचं चित्रपुस्तक: आधी पानं, मग शब्द, सगळ्यात शेवटी रंग

गोष्ट पाठ असते, म्हणून माणूस थेट रंगवायला बसतो आणि परीकथेच्या चित्रपुस्तकाचं गाडं तिथेच अडतं. दहा-बारा देखणी चित्रं तयार होतात आणि मग लक्षात येतं, की मजकुराला जागाच उरलेली नाही, पानं सत्तावीस भरताहेत, राजकन्येचा चेहरा नेमका पुस्तकाच्या घडीत गेलाय आणि लांडगा दर पानावर वेगळाच प्राणी दिसतोय. मग चित्रं कापा, मजकूर कोंबा, उरलेली पानं वेलबुट्टीने भरा, अशी डागडुजी सुरू होते. अशा डागडुजीतून नीटसं पुस्तक निघालेलं मी पाहिलेलं नाही.

यातल्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात. हात चांगला असूनही पुस्तक फसतं, कारण नवव्या टप्प्याचं काम पहिल्या दिवशी केलेलं असतं. खालचा क्रम लेखक आणि चित्रकार एकच असला तरी पाळा आणि दोघं वेगळे असतील तर नक्कीच पाळा. उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच गोष्ट धरली आहे: लाल टोपीवाल्या मुलीची.

टप्पा १: नेमकी कोणाची गोष्ट सांगताय?

‘लाल टोपीवाली’ ही एक गोष्ट नाही. शार्ल पेरोच्या १६९७ च्या फ्रेंच संग्रहात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. तिथे सोडवायला कोणी येत नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या जर्मन संग्रहात शिकारी येतो, लांडग्याचं पोट कात्रीने उघडतो, आजी आणि नात जिवंत बाहेर पडतात. शिवाय ग्रिमांच्या कथेला एक शेपूट आहे. त्यात दुसरा एक लांडगा येतो आणि या वेळी आजी-नात त्याला स्वतःच फशी पाडतात. हे शेपूट बहुतेकांना माहीतच नसतं.

सिंड्रेलाचंही तसंच. काचेचा बूट, भोपळ्याची गाडी आणि वरदान देणारी परी पेरोची. ग्रिमांकडे परी नाही. आईच्या थडग्यावर वाढलेलं झाड आहे, मदतीला येणारे पक्षी आहेत आणि बूट सोन्याचा आहे. बेडूक राजपुत्राच्या गोष्टीत ग्रिमांची राजकन्या बेडकाचं चुंबन घेत नाही, त्याला भिंतीवर आपटते. स्मरणावर विसंबून लिहिलं, की या सगळ्यांची खिचडी होते. दोन आवृत्त्या मुद्दाम एकत्र करायला हरकत नाही, पण ते ठरवून केलेलं असावं.

म्हणून पहिलं काम वाचनाचं. जुना संग्रह मिळवा, मूळ भाषेत किंवा विश्वासू भाषांतरात, आणि शेजारी वही घेऊन बसा. गोष्टीत काय घडतं, तेवढंच उतरवा. कुठल्या आवृत्तीवर उभे आहात, हे वहीच्या वरच्या ओळीत लिहा. पुढे श्रेयाच्या पानावर हीच ओळ लागणार आहे.

सावधान, हक्कांबद्दल. पेरो, ग्रिम आणि डॅनिश लेखक अँडरसन यांच्या मूळ कथा सर्वांसाठी खुल्या आहेत. त्यांची आधुनिक भाषांतरं, पुनर्कथनं आणि चित्रं मात्र खुली नसतात. भाषांतरकारालाही लेखकासारखाच हक्क असतो. तो देशागणिक त्याच्या मृत्यूनंतर साधारण ५० ते ७० वर्षं टिकतो, त्यामुळे आपल्या देशाचा नियम पाहून घ्या. चित्रपटांतून डोक्यात बसलेले तपशील तर जास्तच फसवे असतात. हिमगौरीच्या सात बुटक्यांना ग्रिमांनी नावं दिलेली नाहीत. आज सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटातली आहेत. अँडरसनच्या १८३७ च्या जलपरीलाही नाव नाही. तुमच्या वहीतला एखादा तपशील जुन्या संग्रहात सापडत नसेल, तर तो कुठून आला हे शोधा. सापडेपर्यंत बाजूला ठेवा.

टप्पा २: भीतीचं काय करायचं, ते आत्ताच ठरवा

हा निर्णय पुढे ढकलला, की तो चित्रकाराच्या माथी येतो आणि मग लांडगा गोंडस कुत्र्यासारखा दिसू लागतो. जुन्या कथांत क्रौर्य पुष्कळ आहे. ग्रिमांच्या सिंड्रेलात बूट बसावा म्हणून एक बहीण पायाचा अंगठा कापते, दुसरी टाच. हिमगौरीच्या शेवटी राणीला तापलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे: शिक्षा कमी करा, धोका कमी करू नका. शेवटची शिक्षा गाळली तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. पण लांडग्याने आजीला गिळलंच नाही, तिला कपाटात कोंडलं, असं केलं की सुटकेत अर्थ उरत नाही. मुलांना ते बरोबर कळतं. ‘मग तो वाईट कशावरून?’ हा प्रश्न ऐकणारं मूल विचारतंच.

धोका ठेवायचा आणि तो सोसवेलही असा करायचा, याला दोन साधे उपाय आहेत. पहिला: भयंकर क्षणाच्या आधीचं चित्र काढा, नंतरचं काढा, नेमक्या त्या क्षणाचं काढू नका. उघडलेला जबडा पुरे, गिळणं नको. दुसरा: भीतीचं पान आणि धीराचं पान यांच्यात फार अंतर ठेवू नका. जबड्यानंतर पान उलटलं, की खिडकीबाहेर शिकारी दिसलाच पाहिजे, निदान त्याची सावली तरी.

वाचणारं मूल किती वर्षांचं, हेही इथेच ठरवा. तीन ते पाच वर्षांसाठी तीनशे-चारशे शब्दांच्या पुढे जाऊ नका. पाच ते आठ वर्षांसाठी सहाशे-आठशे शब्द चालतात. ‘सगळ्या वयांसाठी’ असं ठरवलेलं पुस्तक कुठल्याच वयाला धड बसत नाही.

टप्पा ३: बत्तीस पानांची वाटणी

चित्रपुस्तक बहुतेक वेळा बत्तीस पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद घडी घालून आठ किंवा सोळा पानांचा फर्मा होतो आणि पानं त्याच्या पटीत वाढतात. चोवीस, बत्तीस, चाळीस पानं होतील, सत्तावीस होणार नाहीत.

पहिलं पान उजवीकडे, एकटं. त्यानंतर समोरासमोरच्या दोन पानांच्या जोड्या सुरू होतात. यालाच छपाईत स्प्रेड म्हणतात आणि चित्रपुस्तकाचा विचार नेहमी स्प्रेडमध्येच करायचा. पान १ वर शीर्षक, २-३ वर श्रेय आणि अर्पणपत्रिका गेली, की ४-५ पासून ३०-३१ पर्यंत चौदा स्प्रेड गोष्टीला मिळतात. शेवटचं ३२ वं पान पुन्हा एकटं. बांधणीसाठी पुठ्ठ्याला चिकटणारी पानं याच बत्तीसातून जाणार असतील, तर हातात बाराच्या आसपास स्प्रेड उरतात. हे छापखान्याला आत्ताच विचारा.

आता गोष्ट चौदा घटनांत बसवा. प्रत्येक स्प्रेडसाठी एकच ओळ लिहा, आणि त्या ओळीत क्रियापद असायलाच हवं. ‘सुंदर जंगल’ ही घटना झाली नाही, ‘मुलगी वाट सोडते’ ही झाली.

४-५: आजीने दिलेली लाल टोपी मुलगी डोक्यावरून काढतच नाही.
६-७: आई टोपली देते, वाट सोडू नको म्हणून बजावते.
८-९: जंगलात लांडगा भेटतो.
१०-११: मुलगी त्याला आजीच्या घराचा पत्ता सांगून टाकते.
१२-१३: फुलांच्या नादात वाट सुटते.
१४-१५: लांडगा आजीचं दार ठोठावतो.
१६-१७: लांडगा आजीची टोपी घालून पडदे ओढून घेतो.
१८-१९: मुलगी येते, दार सताड उघडं.
२०-२१: ‘आजी, तुझे कान...’
२२-२३: डोळे, हात आणि शेवटी तोंड.
२४-२५: लांडगा झेप घेतो.
२६-२७: शिकाऱ्याला घोरणं ऐकू येतं.
२८-२९: कात्री, मुलगी आणि आजी बाहेर.
३०-३१: लांडग्याच्या पोटात दगड.
३२: एक लहानसं शांत चित्र.

यादी झाली, की मोजा. संकट कितव्या स्प्रेडवर सुरू होतं? पहिल्या तीन स्प्रेडमध्ये लांडगा आला नाही, तर सुरुवात लांबली आहे. हमखास होणारी चूक म्हणजे आठ स्प्रेड सुरुवातीला खर्च करून सुटका आणि शेवट एका पानात उरकणं. ग्रिमांचं दुसऱ्या लांडग्याचं शेपूट या वाटणीत बसत नाही, म्हणून ते इथे गाळलं आहे. ते हवंच असेल, तर चाळीस पानांचं पुस्तक करा. चौदा स्प्रेडमध्ये कोंबू नका.

तपासणी: यादी कोणाला तरी नुसती वाचून दाखवा. गोष्ट कळली पाहिजे. मध्ये ‘म्हणजे कसं?’ असं विचारलं गेलं, तर तिथे एक घटना कमी आहे.

टप्पा ४: पान उलटण्याची जागा

चित्रपुस्तकाचं खरं मर्म इथे आहे, आणि याच टप्प्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो. उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पोहोचलेलं मूल पान उलटणार असतं. त्या कोपऱ्यात प्रश्न ठेवायचा आणि उत्तर पलीकडे.

पलंगाशेजारचा संवादच पाहा. तो सलग छापला, तर तो नुसता संवाद राहतो. पानांवर असा पसरा:

पान २०: ‘आजी, तुझे कान किती मोठे!’
पान २१: ‘तुझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून!’
पान २२: ‘आणि तुझे डोळे किती मोठे!’ ‘तुला नीट पाहता यावं म्हणून!’ ‘आणि हात?’ ‘तुला घट्ट धरता यावं म्हणून!’
पान २३, खाली उजवीकडे, एकटीच ओळ: ‘पण आजी... तुझं तोंड...’

इथे पान उलटतं. २४-२५ वर एक शब्दही नको. सगळा स्प्रेड भरून जबडा, आणि डाव्या कडेला हवेत उडालेली लाल टोपी.

वेग कसा बदलतो, तेही बघा. कानांना दोन पानं मिळाली, डोळे आणि हात एकाच पानात आटोपले, तोंडाला एक अर्धवट ओळ आणि तिच्यामागे अख्खा स्प्रेड. ऐकणाऱ्या मुलांना पुढचं वाक्य माहीत असतं. ती ते ओरडून म्हणतात आणि तेवढ्यासाठीच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात. म्हणून इथला ठेका अगदी तसाच राहू द्या. ‘कान किती मोठे, डोळे किती मोठे’ ही पुनरुक्ती वाटली, तरी कापू नका. परीकथेतली तीनदा-चारदा येणारी ओळ हा तिचा कणा असतो.

दुसऱ्या गोष्टींतही अशा जागा शोधा. तीन अस्वलांच्या घरात ‘माझ्या पलंगावर कोण झोपलंय’ हे धाकट्या अस्वलाचं वाक्य उजव्या पानावर यायला हवं. सिंड्रेलात बाराचा पहिला ठोका उजव्या पानावर हवा.

सावधान: ज्या उत्तराने धक्का द्यायचा आहे, ते प्रश्नाच्याच समोरच्या पानावर कधीही ठेवू नका. समोरासमोरची दोन्ही पानं मूल एकदमच पाहतं. जबड्याचं चित्र पान २३ वर आलं, तर पान २२ वरचे सगळे संवाद वाया जातात.

टप्पा ५: कागदी डमी

आठ कोरे कागद एकत्र ठेवून मधोमध दुमडा आणि घडीवर दोन पिना मारा. बत्तीस पानांचं कोरं पुस्तक तयार. पानांवर आकडे घाला. प्रत्येक स्प्रेडवर काड्यांची माणसं काढा आणि मजकूर हाताने लिहा किंवा छापून कापून चिकटवा. यात चित्रकला नको. सुंदर डमी टाकून द्यायला जिवावर येतं, आणि ही डमी तर तीन-चारदा नव्याने करावी लागते.

संगणकावर लहान चौकटींत मांडून भागतं, असं अनेकांना वाटतं. त्याने पूर्ण काम होत नाही. पडद्यावर सगळे स्प्रेड एकदम दिसतात, त्यामुळे पान उलटण्याचा परिणाम कळत नाही. दोन्ही करा: चौकटींचा एक मोठा तक्ता भिंतीवर, पुस्तकाचा तोल पाहण्यासाठी, आणि डमी हातात, ठेका पाहण्यासाठी. तक्त्यावर एक गोष्ट लगेच दिसते. सलग पाच स्प्रेडवर दोन माणसं मधोमध उभी राहून बोलताहेत, असं असेल तर काहीतरी बदला. एकदा दुरून दाखवा, एकदा अगदी जवळून, एखादा स्प्रेड छोट्या-छोट्या तीन चित्रांत फोडा.

टप्पा ६: मजकूर कापा

आता डमी समोर ठेवून मजकुरातली ती प्रत्येक गोष्ट खोडा, जी चित्रात दिसणारच आहे. पहिला खर्डा बहुधा असा असतो:

‘लाल टोपीवाली मुलगी हातात टोपली घेऊन दाट, हिरव्यागार जंगलातल्या नागमोडी वाटेने चालली होती. तेवढ्यात एका जाडजूड झाडामागून मोठा, करड्या रंगाचा, केसाळ लांडगा तिच्यासमोर आला. तिला मात्र त्याची भीती वाटली नाही, कारण तो किती दुष्ट प्राणी आहे हे तिला माहीत नव्हतं.’

टोपी, टोपली, जंगल, वाट, झाड, करडा रंग, केस हे सगळं चित्राचं काम आहे. उरतं ते एवढंच:

‘वाटेत भेटला लांडगा.
लांडगा कसा असतो, तिला ठाऊकच नव्हतं.
“कुठं गं निघालीस, इतक्या सकाळी?”’

चित्रात दिसणार नाही ते शब्दांत राहिलं: तिचं अजाणतेपण, त्याचा आवाज आणि सकाळची वेळ.

उलटंही करा. शब्दांत नाही असं काही तरी चित्राला द्या. १२-१३ वर मजकूर फक्त फुलांबद्दल बोलतो. चित्रात मात्र उजव्या कडेला लांडग्याची शेपटी पानाबाहेर निसटताना दिसते. लेखकाने ती ओळीत सांगितली, तर मुलाने स्वतः शोधण्याचा आनंद गेला. मजकूर आणि चित्र एकच गोष्ट दोनदा सांगत असतील, तर त्यातलं एक रद्द होतं.

भाषेबद्दल थोडं. हे पुस्तक मोठ्याने वाचलं जाणार आहे, तेव्हा वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे. ‘अत्यंत’, ‘अचानक’, ‘आश्चर्यचकित’ यांसारखे शब्द दिसले, की थांबून विचारा, हा माणूस बोलताना असं म्हणेल का? शेवटी तात्पर्य लिहायचा मोह होतो. ‘म्हणून मुलांनो’ ही ओळ पुसून टाका. वाट सोडल्याचं काय झालं, हे मुलाने पानोपानी पाहिलेलं आहे.

तपासणी: डमी दुसऱ्या कोणाला तरी मुलांसमोर वाचायला द्या. तुम्ही स्वतः वाचू नका, कारण कच्च्या जागा तुम्ही नकळत आवाजाने भरून काढता. बाजूला बसून टिपा: वाचणारा कुठे अडखळला, मुलं कुठे दुसरीकडे पाहू लागली, पान उलटायला कुठे हात पुढे आला. मुलांना ‘आवडलं का’ विचारण्यात अर्थ नाही, ती हो म्हणतात.

टप्पा ७: पात्रांचा तक्ता

रेखाटनं सुरू होण्याआधीची ही शेवटची तयारी. एका मोठ्या कागदावर मुलगी समोरून, बाजूने, पाठमोरी आणि पाच-सहा भावांत. शेजारी लांडगा, आई, आजी, शिकारी, सगळे एकाच जमिनीवर उभे, म्हणजे उंचीचं प्रमाण ठरतं. या गोष्टीत प्रमाणाला विशेष महत्त्व आहे. लांडगा आजीच्या पलंगात मावला पाहिजे, त्याच्या पोटात दोन माणसं मावली पाहिजेत आणि तरी तो जंगलात मुलीशी बोलताना राक्षस वाटता कामा नये. हे कागदावर आधी सोडवलं नाही, तर लांडगा पानागणिक फुगतो आणि आटतो.

टोपी की अंगरखा, तेही ठरवा. ग्रिमांकडे लाल मखमलीची छोटी टोपी आहे. डोक्यावरून पाठीवर रुळणारा लाल अंगरखा नंतरच्या कित्येक चित्रांमुळे रूढ झाला. टोपी घेतली, तर केस दिसतात, ते प्रत्येक पानावर सारखे हवेत. अंगरखा घेतला, तर पाठमोरी आकृती दुरूनही ओळखू येते. दोन्ही चालतात, एक निवडा.

तक्त्याच्या कोपऱ्यात तीन नोंदी करा.

रंग: लाल फक्त तिचा. दुसऱ्या कुठल्याही वस्तूला तो लाल देऊ नका, फुलांनाही नाही. मग जंगलाच्या गर्दीत मुलाची नजर तिला आपोआप शोधते.

दिशा: आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून आजीचं घर कायम उजवीकडे. मुलगी उजवीकडे चालली म्हणजे पुढे निघाली, डावीकडे वळली म्हणजे परत फिरली. एका पानावर ही दिशा उलटली, तर ती घरी परतली असं वाटतं.

उजेड: गोष्ट एका दिवसात घडते. सावल्या सकाळी लांब, फुलांच्या पानावर आखूड, शेवटी पुन्हा लांब.

टप्पा ८: कच्ची रेखाटनं, मजकुरासकट

आता पुस्तकाच्या खऱ्या आकारात पेन्सिलची रेखाटनं करा आणि अक्षरं त्यावरच बसवून पाहा. मजकुराची जागा नंतर शोधायची नसते. आकाश, भिंत, बर्फ, पलंगाची चादर अशी शांत जागा रचनेतच ठेवायची.

पुस्तकाच्या घडीच्या दोन्ही बाजूंना निदान एक सेंटिमीटरात चेहरा, हात किंवा अक्षर येऊ देऊ नका. तेवढा भाग बांधणीत ओढला जातो. बाहेरच्या कडांना चित्र कापरेषेच्या पलीकडे ३ मिलिमीटर वाढवा, याला ब्लीड म्हणतात. मजकूर कडेपासून १२ ते १५ मिलिमीटर आत ठेवा. पान १० बाय १० इंचांचं असेल, तर ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) ब्लीडसह पूर्ण स्प्रेड साधारण ६०७१ बाय ३०७१ पिक्सेल होतो. कामाची फाइल पहिल्यापासून याच मापाची हवी. लहान फाइल नंतर ताणून मोठी केली, तर रेषा फाटतात.

तपासणी: सगळी रेखाटनं ओळीने मांडा आणि फक्त लांडगा पाहत जा. मग फक्त टोपली. ती कुठल्या हातात आहे, कुठल्या पानावर नाहीशी झाली? मुलं हे पकडतात. मग पेन्सिलच्याच पायरीवर दुरुस्त्या संपवा.

टप्पा ९: रंग

इथवर सगळं ठरलेलं असेल, तर हा टप्पा सर्वांत सोपा आणि आनंदाचा. दोनच सूचना. पुस्तकाच्या क्रमाने रंगवू नका. हात बसेपर्यंत काही चित्रं जातात, आणि ती पहिली चार पानं असू नयेत. मधल्या साध्या स्प्रेडपासून सुरुवात करा आणि ४-५ आणि २४-२५ शेवटी ठेवा.

संगणकावर काम करत असाल, तर झगमगीत हिरवा, निळा आणि जांभळा छपाईत मंद होतो, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि छापखाना चार शाईंनी. छपाईच्या रंगपद्धतीत चित्र कसं दिसेल, हे मधूनमधून पाहत राहा. काळोख्या जंगलात चारही शाया भरून टाकल्या, तर कागद ओला राहतो आणि सगळे बारकावे बुजतात. शाईची मर्यादा किती, हे छापखान्याकडून लेखी घ्या.

टप्पा १०: अक्षरं

देवनागरीत या टप्प्याला जास्त काळजी लागते. अक्षराच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी हवं. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. आकार १८ ते २२ पॉइंट. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. अक्षर जाड हवं असेल, तर फाँटचंच जाड वळण वापरा. बाहेरून रेघ देऊन जाड केलं, तर ‘ध’ आणि ‘घ’ भरून जातात. युनिकोड फाँटच घ्या. मुक्ता आणि बालू हे दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, मोठ्या आकारात स्वच्छ दिसतात.

पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या मांडणीसाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला हवा. तो नसेल तर ‘दिवस’मधली पहिली वेलांटी द च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. फाइल पाठवण्याआधी ‘दुसऱ्या, बुद्धी, लक्ष, ज्ञान, चिठ्ठी, ॲ, ऑ’ हे शब्द छापून डोळ्यांनी तपासा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का, हेही पाहा. नुकतंच वाचायला शिकलेलं मूल अनोळखी वळणाशी अडतं.

ओळ तोडताना अर्थ पाहा. ‘लांडग्याने हळूच / दार ढकललं’ चालेल. ‘लांडग्याने हळूच दार / ढकललं’ असं तोडलं, की वाचणारा धडपडतो. मजकूर चित्रात रंगवून टाकू नका, वेगळ्या थरावर ठेवा. तो निव्वळ काळ्या शाईत असावा. चार शायांच्या मिश्रणाचा काळा जरासा सरकला, तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात.

टप्पा ११: मुखपृष्ठ आणि श्रेयाचं पान

मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी करा, तोवर पुस्तकाचा स्वभाव हाताला कळलेला असतो. गोष्टीतला सगळ्यात मोठा क्षण मुखपृष्ठावर खर्च करू नका. जबडा आतच राहू द्या. चित्र नखाएवढं लहान करून पाहा: शीर्षक वाचता आलं पाहिजे आणि मुलगी ओळखू आली पाहिजे.

श्रेयाच्या पानावर मूळ कथेचा उगम (टप्पा १ मधली ओळ), पुनर्कथन करणाऱ्याचं नाव, चित्रकाराचं नाव आणि फाँटचा उल्लेख. लेखक आणि चित्रकार वेगळे असतील, तर मूळ चित्रं कोणाकडे राहणार आणि दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीत दोघांना काय मिळणार, हे रंगकाम सुरू होण्याआधीच कागदावर आलेलं असावं. हा मुद्दा शेवटच्या टप्प्यात लिहिला असला, तरी तो मिटवायची वेळ टप्पा ३ नंतरची आहे.

टप्पा १२: प्रूफ

पडद्यावरच्या पीडीएफला प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची नमुना प्रत, समजू नका. छापखान्याकडून कागदावर छापलेलं, दुमडलेलं प्रूफ मागा आणि तीन वेळा स्वतंत्रपणे पाहा. पहिल्या वेळी फक्त अक्षरं, मोठ्याने वाचत. मुखपृष्ठावरचं शीर्षक आणि लेखकाचं नाव यातलीच चूक सर्वांच्या नजरेतून निसटते, तेव्हा तिथून सुरुवात करा. दुसऱ्या वेळी फक्त घडी आणि कडा: काही कापलं गेलंय का, स्प्रेडचे दोन भाग जुळतात का. तिसऱ्या वेळी पानं उलटत जा आणि पान २३ वर थांबा. कागद पातळ असेल, तर पुढच्या पानावरचा काळा जबडा मागून आत्ताच दिसतो. तसं असेल तर जाड कागदावर नवं प्रूफ मागवा आणि त्यावरच सही करा.